पिस्तुलाची प्रतिक्षेप-स्प्रिंग

प्रतिक्षेप-स्प्रिंग : गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने (प्रतिक्षेपाने) मागे गेलेला स्वयंभरण पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाईड, पुन्हा पुढे आणून जागी बसविणारी मळसूत्री स्प्रिंग. ती पोलादी तारेची असते व बहुतेक पिस्तुलांत नळीच्या खाली अथवा नळीभोवती बसविलेली असते. पिस्तुलाच्या भागांपैकी ती अत्यंत स्वस्त असून लवकर थकते. त्यामुळे ती वारंवार बदलावी लागते. एकाच पिस्तुलाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचे कित्येक भाग परस्परांत चालतात. ही स्प्रिंग मात्र पुष्कळदा चालत नाही, आणि चालत नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. बंदुकांच्या कारखान्यांतच वाढलेल्या अदलाबदलक्षम भागांच्या पद्धतीला जी मर्यादा आहे, तिचे हे एक बोलके उदाहरण होय.

कार्य : बार उडाला की गोळी पुढे जाते आणि तेवढ्याच संवेगाने स्लाईड मागे ढकलली जाते. मागे जाताना ती रिकामी पुंगळी ओढून बाहेर टाकते, घोडा मागे चढविते आणि प्रतिक्षेप-स्प्रिंग दाबते. त्यानंतर स्प्रिंग स्लाईडला पुढे लोटते. पुढे येताना स्लाईड मॅगझीनमधील वरचे काडतूस काढून नळीच्या कोठीत सारते व नळीशी पुन्हा घट्ट अडकते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरे होते.

स्लाईडचा धक्का शोषून घेणे हेच स्प्रिंगचे मुख्य काम, असा समज रूढ आहे. तो हिशेबाला टिकत नाही. अमेरिकी सैन्याच्या ०·४५ इंची पिस्तुलाची गोळी २३० ग्रेन (सु. १५ ग्रॅ.) वजनाची असून सेकंदाला सु. २५० मी. वेगाने सुटते. स्लाईड व नळी मिळून सुमारे अर्धा किग्रॅ. वजन धरले, तर त्यांच्या वाट्याला सु. १४ ज्यूल गतिज ऊर्जा येते. स्प्रिंग मात्र सु. ५ सेंमी. दबते आणि पूर्ण दबल्यावर तिचा जोर सु. १६ पौंड (७·३ किग्रॅ.) भरतो, म्हणजे ती जेमतेम तीन ज्यूल ऊर्जा साठविते. उरलेली ऊर्जा घोडा चढविण्यात, घर्षणात आणि शेवटी सांगाड्यावर होणाऱ्या आघातात खर्ची पडते. स्प्रिंगचे खरे काम स्लाईड परत आणण्याचे आहे. याचा विसर पडल्यामुळेच ‘जितकी कडक तितकी चांगली’ ही समजूत पसरली आणि तिच्यापायी अनेक चांगली पिस्तुले बिघडली.

पूर्वेतिहास : पहिल्या स्वयंभरण पिस्तुलांत या स्प्रिंगची जागाही ठरलेली नव्हती आणि तिचा आकारही. १८९३ च्या बोर्खार्ट पिस्तुलात घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली पट्टी मागील बाजूच्या फुगीर कोशात बसविलेली होती. त्यामुळे ते हातात धरण्यास अवजड झाले. गेओर्ख लुगर याने त्यावरून सुधारून काढलेल्या पिस्तुलात ती जाऊन मुठीमध्ये चपटी पट्टी आली. स्वित्झर्लंडने १९०० मध्ये स्वीकारलेले पिस्तूल याच प्रकारचे होते. १९०६ च्या आवृत्तीत त्या पट्टीच्या जागी मळसूत्री स्प्रिंग बसविण्यात आली व पुढे हाच बदल कायम झाला. दोन्ही पिस्तुले लुगरच. पण एकाची स्प्रिंग दुसऱ्यात बसविण्याचा प्रश्नच उद्‍भवत नाही. अशी ढळढळीत विसंगती फारसा घोटाळा करत नाही. घोटाळा होतो तो नंतरच्या काळातील सारख्या दिसणाऱ्या स्प्रिंगांमुळे.

अमेरिकी संशोधक जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) याने स्प्रिंगच्या जागेचे जवळजवळ सर्व पर्याय हाताळले. बेल्जियममधील एफएन कारखान्याच्या १९०० च्या नमुन्यात ती नळीच्या वर होती व तीच आघात-कीलकालाही जोर पुरवीत असे. १९०३ च्या नमुन्यात ती नळीखाली गेली, तर १९१० च्या नमुन्यात ती नळीभोवतीच गुंडाळली गेली. साऱ्येव्हो येथे १९१४ मध्ये आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याच्या हत्येसाठी वापरलेले पिस्तूल या शेवटच्या नमुन्याचेच होते. हा १९१० चा नमुना ७·६५ मिमी. व ९ मिमी. आखूड अशा दोन काडतुसांसाठी मिळे आणि नुसती नळी बदलली की एकाचा दुसरा होई. एकच स्प्रिंग दोन्ही आवृत्त्यांना पुरण्याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढे असे योग विरळ होत गेले.

अदलाबदलक्षम भाग आणि १९११ चे पिस्तूल : एका बंदुकीचा भाग दुसरीत बसावा ही कल्पना अठराव्या शतकातील. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां याने केलेले चापयंत्राचे प्रयोग टॉमस जेफर्सन याने १७८५ मध्ये पाहिले होते. अमेरिकेत या पद्धतीचे श्रेय दीर्घकाळ ईलाय व्हिटनी याला देण्यात आले. त्याने १७९८ मध्ये करार करून बनविलेल्या बंदुकांचे भाग प्रत्यक्षात मुक्तपणे अदलाबदल होण्याजोगे नव्हते, असे पुढील तपासणीत दिसून आले. ते काम खऱ्या अर्थाने साधले जॉन हॉल याला, हार्पर्स फेरी येथील सरकारी कारखान्यात, १८२० नंतरच्या दशकात. ही पद्धत मुख्यतः मापांवर आधारलेली होती : भागाची लांबी, जाडी व भोकाचा व्यास मापकात बसला की भाग पास. स्प्रिंगच्या बाबतीत माप पुरत नाही. तिचा जोरही जुळावा लागतो.

अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी ब्राउनिंगचे पिस्तूल स्वीकारले. कोल्ट कंपनीने हार्टफर्ड येथे बनविलेल्या या पिस्तुलाने त्याआधीच्या चाचणीत ६,००० फैरी बिनतक्रार झाडल्या होत्या. १९२६ साली त्याची सुधारित आवृत्ती एम १९११ ए १ या नावाने रूढ झाली. तिच्यात मुठीची मागील बाजू, चाप, सुरक्षापट्टीचे शेपूट यांसारखे हाताला सोयीचे बदल झाले. स्लाईड, नळी व काडतूस जसेच्या तसे राहिले. त्यामुळे जुन्या पिस्तुलाची प्रतिक्षेप-स्प्रिंग नव्यात आणि नव्याची जुन्यात निर्धोकपणे चालत असे.

दुसऱ्या महायुद्धात या पद्धतीची खरी कसोटी लागली. कोल्टबरोबरच टंकलेखन यंत्रे बनविणारी रेमिंग्टन रँड, रेल्वेचे सिग्नल बनविणारी युनियन स्विच अँड सिग्नल व शस्त्रनिर्माती इथाका या कंपन्यांनी हे पिस्तूल तयार केले. घरोघरी शिवणयंत्रांमुळे परिचित असलेल्या सिंगर कंपनीने अवघी ५०० पिस्तुले बनविली. आज संग्राहक त्यांच्यासाठी डोळे विस्फारणाऱ्या किंमती मोजतात. युद्धकाळात एकूण सु. १९ लाख पिस्तुले तयार झाली. दुरुस्तीसाठी ती ऑगस्टा, रॉक आयलंड इ. शस्त्रागारांत येत, तेव्हा एकाचा सांगाडा, दुसऱ्याची स्लाईड व तिसऱ्याची नळी अशी जुळणी करून परत पाठविली जात. स्प्रिंगसाठी एकच साठा पुरे. सैन्याच्या कोठारात एकच पिस्तूल, एकच काडतूस आणि एकच स्प्रिंग असेपर्यंत हा प्रश्न जवळजवळ नव्हताच.

आवृत्त्यांचे पेव : प्रश्न निर्माण झाला तो नागरी बाजारासाठी काढलेल्या आवृत्त्यांमुळे. कोल्टने १९२९ मध्ये ०·३८ इंची सुपर हे वेगवान काडतूस त्याच पिस्तुलात आणले. त्याची गोळी १३० ग्रेन (सु. ८·४ ग्रॅ.) असून तिचा वेग सेकंदाला सु. ३९० मी. होता. वेग जास्त म्हणून स्प्रिंग अधिक कडक हवी, असे प्रथमदर्शनी वाटते. पण स्लाईडला मिळतो तो गोळीचा संवेग आणि तो येथे ०·४५ इंची गोळीच्या संवेगापेक्षा काहीसा कमीच आहे. म्हणून नेहमीच्या जोराची किंवा थोडी मवाळ स्प्रिंगही येथे पुरते. १९३१ साली सरावासाठी आलेल्या ०·२२ इंची ‘एस’ आवृत्तीत परिस्थिती उलट होती. तिच्या चिमुकल्या गोळीचा संवेग ०·४५ इंचीच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी. त्यामुळे तिला स्लाईड व स्प्रिंग दोन्ही हलकी द्यावी लागली. १९३७ च्या ‘सर्व्हिस एस’ आवृत्तीत डेव्हिड मार्शल विल्यम्स याने योजलेल्या सरकत्या कोठीमुळे वायुदाबाला अधिक क्षेत्रफळ मिळून धक्का वाढला. तरीही एसची स्प्रिंग मोठ्या पिस्तुलात, वा मोठ्याची एसमध्ये, निरुपयोगीच.

युद्धानंतर सैन्याने अधिकाऱ्यांसाठी हलके पिस्तूल मागितले. त्यातून १९४९-५० मध्ये ‘कमांडर’ निघाले. त्याची नळी १२७ मिमी. ऐवजी १०८ मिमी. आणि सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. येथे दोन गोष्टी एकदम बदलल्या. स्लाईड आखूड झाल्याने तिचे वजन घटले आणि स्प्रिंगला राहण्यास मिळणारी जागाही कमी झाली. संवेग तोच राहून वजन एक-दशमांशाने घटले, तर मागे जाण्याचा वेग व ऊर्जा दोन्ही सु. एक-नवमांशाने वाढतात. शिवाय आघात होतो तो पोलादापेक्षा मऊ धातूच्या सांगाड्यावर. म्हणून कमांडरसाठी सु. १८ पौंडी (८·२ किग्रॅ.) स्प्रिंग ठरली. १९८५ च्या ‘ऑफिसर्स’ आवृत्तीत नळी आणखी आखूड, ८९ मिमी. झाली. तेथे स्प्रिंगचा जोर सु. २२ पौंडांपर्यंत (१० किग्रॅ.) न्यावा लागला आणि एवढ्या तोकड्या जागेत एकीत एक बसणाऱ्या दोन स्प्रिंगा घालाव्या लागल्या. दबताना त्यांचे वेढे एकमेकांत अडकू नयेत म्हणून अशा जोडस्प्रिंगांना परस्परविरुद्ध दिशांनी पीळ देतात. १९८७ मध्ये १० मिमी. काडतुसासाठी आलेल्या ‘डेल्टा एलिट’ची नळी पुन्हा पूर्ण लांबीची होती, तरी काडतूस जोरकस असल्याने तिची स्प्रिंग सु. २३ पौंडी (१०·४ किग्रॅ.) होती. लक्ष्यवेधाच्या स्पर्धांत सौम्य काडतुसे वापरणारे नेमबाज उलट १२ ते १४ पौंडी स्प्रिंग पसंत करतात. १९५७ पासून निघालेल्या ‘गोल्ड कप’ आवृत्तीच्या वापरकर्त्यांत हा प्रघात विशेष आढळतो. एका घराण्यातील भावंडांच्या गरजा १२ पासून २३ पौंडांपर्यंत विखुरलेल्या आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

तारेचे गणित : या स्प्रिंगा समोरासमोर ठेवल्या तरी त्यांतील फरक अनुभवी माणसालाही चटकन कळत नाही. ताण व बल यांचे प्रमाण सांगणारा रॉबर्ट हुक याचा नियम १६७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर आधारलेल्या सूत्रानुसार मळसूत्री स्प्रिंगची दृढता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात असते. वेढ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या आणि वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. १९११ च्या पिस्तुलातील तार जेमतेम एक मिमी. जाडीची. ती एक-दशमांशाने जाड केली, तर दृढता सु. ४६ टक्क्यांनी वाढते. एक-दशांश मिमी.चा फरक बोटाला जाणवत नाही. पिस्तुलाला मात्र जाणवतो.

स्प्रिंगचे वेढे कापून ती ‘मऊ’ करण्याची रीत पुष्कळ कारागिरांत आढळते. तिच्यात एक गफलत आहे. वेढे कमी झाले की उरलेल्या स्प्रिंगची दृढता वाढते, म्हणजे दर मिलिमीटरला ती अधिक जोर मागते. कमी होतो तो फक्त तिचा आरंभीचा दाब, कारण तिची मोकळी लांबी घटलेली असते. परिणामी स्लाईड बंद असताना, म्हणजे काडतूस पूर्ण बसविण्याच्या नेमक्या क्षणी, स्प्रिंग दुबळी पडते. याउलट लांब पिस्तुलाची स्प्रिंग आखूड पिस्तुलात कोंबली, तर स्लाईड पुरती मागे जाण्याआधीच सर्व वेढे एकमेकांना टेकतात आणि स्प्रिंग भरीव नळकांड्यासारखी होते. तो आघात मग स्लाईडच्या तोंडाशी असलेल्या बुशावर आणि स्प्रिंगच्या टोपणावर येतो. बुश तडकण्याची भीती असते.

स्प्रिंगचा जोर पौंडांत सांगण्याची पद्धत रूढ असली, तरी तो आकडा स्लाईड पूर्ण मागे असतानाच्या दाबाचा असतो. त्यामुळे १६ पौंडी अशी नोंद असलेल्या दोन स्प्रिंगांचा आरंभीचा दाब वेगळा असू शकतो. पिस्तुलावरच काट्याने ओढून जोर मोजायचा झाल्यास घोडा आधी चढवून ठेवावा लागतो. अन्यथा घोड्याच्या स्प्रिंगचा जोरही मापात मिसळतो आणि चांगली स्प्रिंग विनाकारण फेकली जाते.

चुकीच्या जोडणीची लक्षणे : स्प्रिंग फार कडक असल्यास स्लाईड पुरती मागे जात नाही, रिकामी पुंगळी तोंडाशी अडकते किंवा पुढील काडतूस उचललेच जात नाही. पुढे येतानाही स्लाईड इतक्या वेगाने येते, की मॅगझीनमधील काडतूस वर चढण्यास अवधी मिळत नाही. स्प्रिंग फार दुबळी असल्यास पुंगळ्या लांबवर फेकल्या जातात, सांगाड्यावर आघाताच्या खुणा उमटतात आणि मळ साचला की स्लाईड शेवटचे काही मिलिमीटर पुढे येण्यास कुचराई करते. पहिला दोष लगेच उघडकीस येतो. दुसरा कित्येक महिने दडून राहतो आणि सांगाड्याला तडा गेल्यावरच लक्षात येतो. म्हणून तो अधिक घातक मानावा. जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी पाहणे ही सर्वांत सोपी कसोटी होय. पूर्ण आकाराच्या पिस्तुलात ती काही हजार फैरींनंतर बदलतात. आखूड पिस्तुलात स्प्रिंग अधिक दबलेली असल्याने त्याहून पुष्कळ लवकर.

ब्राउनिंग हाय-पॉवर व भारत : ब्राउनिंगने आरंभ केलेले आणि द्यूदोने सेव्ह याने पूर्ण केलेले ९ मिमी. हाय-पॉवर पिस्तूल १९३५ मध्ये बेल्जियममध्ये तयार झाले. युद्धकाळात टोराँटो येथील इंग्लिस कंपनीने त्याचे उत्पादन केले. १९४४-४५ मध्ये सु. दीड लाख पिस्तुले निघाली. लाकडी दस्ता जोडण्याची सोय असलेली आणि तशी सोय नसलेली अशा तिच्या दोन मुख्य आवृत्त्या होत्या. इंग्लिसच्या याच नमुन्यावरून पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल कारखान्यात ‘पिस्टल ऑटो ९ मिमी. १ ए’ हे भारतीय सैन्याचे पिस्तूल तयार झाले. भारतात ९ मिमी. पिस्तूल सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्यामुळे त्याच्या स्प्रिंगेचा प्रश्न सैन्य व पोलीस यांच्या शस्त्रागारांपुरताच राहिला. तेथील कारागिराच्या एका निवडीवर दुसऱ्याच कोणाचा जीव अवलंबून असतो.

हाय-पॉवरच्या ९ मिमी. आवृत्तीची स्प्रिंग सु. १७ पौंडी (७·७ किग्रॅ.) असते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हेच पिस्तूल ०·४० इंची काडतुसासाठी निघाले, तेव्हा स्लाईड अधिक जड करून स्प्रिंग सु. २० पौंडी (९·१ किग्रॅ.) करावी लागली. येथे कोल्टपेक्षा वेगळा मार्ग दिसतो : स्लाईडचे वजन वाढविल्याने सगळा भार एकट्या स्प्रिंगवर पडला नाही. यंत्ररचनेच्या दृष्टीने हाच मार्ग श्रेयस्कर होय. ही २० पौंडी स्प्रिंग ९ मिमी. पिस्तुलात बसते आणि बसते म्हणूनच कोणी तरी ती बसवितो. मग सौम्य काडतुसांनी स्लाईड अर्ध्यावरूनच परतू लागते.

अलीकडील घडामोडी : अलीकडे बहुतेक कारखान्यांनी सुटी स्प्रिंग देण्याऐवजी दांड्यावर कायमची बसविलेली जोडणी देण्यास प्रारंभ केला आहे. ऑस्ट्रियातील ग्लॉक पिस्तुलाच्या २०१० मधील चौथ्या पिढीत पूर्वीच्या एका स्प्रिंगेऐवजी दोन स्प्रिंगांची जोडणी आली. तिच्यासाठी सांगाड्याच्या व स्लाईडच्या तोंडाकडील जागा मोठी करण्यात आली. त्यामुळे तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या जोडण्या परस्परांत थेट चालत नाहीत. नव्या जोडणीत पुन्हा सुधारणा करावी लागली व २०११ मध्ये कंपनीने आधी विकलेल्या पिस्तुलांच्या स्प्रिंगा विनामूल्य बदलून दिल्या. जोडणीच्या टोकावर कोरलेल्या अंकांवरून ती कोणत्या सुधारणेची आहे ते ओळखता येते. कोल्टच्या काळातील कारागिराला असा आधार नव्हता. त्याला काटा, मापपट्टी आणि स्वतःची नोंदवही यांवरच विसंबावे लागे.

एफएनने मूळ हाय-पॉवरचे उत्पादन २०१८ च्या सुमारास थांबविले आणि २०२२ मध्ये त्याच नावाचे नवे पिस्तूल बाजारात आणले. बाह्यरूप बरेचसे जुन्यासारखे असले, तरी त्याचे भाग जुन्या पिस्तुलात बसत नाहीत. जुन्या पिस्तुलांसाठी लागणाऱ्या स्प्रिंगा आता मुख्यतः स्वतंत्र स्प्रिंग-उत्पादक पुरवितात आणि मागणी नोंदविताना पिस्तुलाच्या नावाबरोबर त्याचे काडतूस, नळीची लांबी व आवृत्ती यांचाही उल्लेख करावा लागतो.